लिव्हर काढलेलं असताना भुलीचा गॅस जातो कुठं?

मलप्रभेकाठ

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातून लिहितोय. आमच्या दाजींना सिरॉसिस आहे. पोटातलं पाणी सारखं काढावं लागतंय, आता ट्रान्सप्लांटशिवाय इलाज नाही असं बंगळूरच्या डॉक्टरांनी सांगितलंय. ताईचा ब्लड ग्रुप जुळला नाही. दाजींची धाकटी बहीण आपल्या लिव्हरचा उजवा भाग देणार आहे, तिच्या तपासण्या झाल्यात. कमिटी, कागदपत्रं, पैसा यावर इथं आधीचे धागे आहेत, ते वाचलेत. माझी शंका वेगळी आहे.

भूल. गल्लीतले एक जाणते काका म्हणाले, भुलीचा गॅस लिव्हरच पचवतं. त्यांच्या मामींना बऱ्याच वर्षांपूर्वी पिशवीच्या ऑपरेशननंतर गॅसमुळं कावीळ झाली होती म्हणे. हे खरं धरलं तर दाजींचं लिव्हर आधीच निकामी. त्यात ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात जुनं काढलेलं आणि नवं अजून जोडलेलं नाही, म्हणजे पोटात लिव्हरच नाही. मग तेवढ्या वेळात गॅस जातो कुठं? अंगात साठत राहतो काय? माणूस उठणार कसा? सर्जनना विचारलं तर 'ते अॅनेस्थेशियावाले बघतात' म्हणाले. अॅनेस्थेशियाच्या डॉक्टर कन्नड-इंग्लिशमधून भराभर बोलल्या, आम्ही 'हौदु, हौदु' (हो, हो) करत बाहेर आलो. इथं कुणी त्या क्षेत्रातलं असेल तर मराठीतून नीट सांगा की.

येळ्ळूरचा गडी

बंगळूर की पुणे हे कसं ठरवलंत? आमच्याही घरी तोच घोळ चाललाय. भुलीचं मलाही वाचायचंय, म्हणून हजेरी लावून ठेवतो.

चंदगड घाट

गॅस आता कुठं देतात हो. सगळं हातातल्या सलाईनमधूनच. माझ्या पित्ताशयाच्या वेळी पांढरं औषध सोडलं, दहा म्हणायच्या आत मी गार.

टिळकवाडी ओटी

मी भूलतज्ज्ञ आहे, बेळगावातच काम करते. ट्रान्सप्लांटच्या टीममध्ये नाही, पण शिकत असताना त्या थिएटरात बऱ्याच रात्री काढल्यात.

चंदगडकर, ते पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. झोप लावायला तेच वापरतात, नाहीतर एटोमिडेट. पोटात पाणी भरलेल्या रुग्णाचं जठरही भरलेलंच आहे असं धरून चालावं लागतं. उलटी फुप्फुसात जाऊ नये म्हणून त्याला झटकन झोपवून श्वासनळीत ट्यूब घालतात. ते काम गॅसनं इतक्या लवकर होत नाही. पण पुढचे आठ-दहा तास झोप टिकवायची असते ती बहुतेक ठिकाणी गॅसवरच. आयसोफ्लुरेन, सेवोफ्लुरेन, डेसफ्लुरेन या तिघांपैकी एक.

आता मूळ प्रश्न. हे गॅस फुप्फुसातून आत जातात आणि बहुतांशी जसेच्या तसे फुप्फुसातूनच बाहेर येतात. श्वासातून रक्तात, रक्तातून मेंदूत. व्हेपोरायझर, म्हणजे भुलीच्या औषधाची वाफ करून सोडणारं यंत्र, बंद केलं की हाच प्रवास उलटा. वाटेत लिव्हर लागतं, आणि शरीरात फिरणाऱ्या रक्ताचा जवळजवळ चौथा हिस्सा त्यातून जातो, म्हणून 'लिव्हर पचवतं' हा समज झाला असावा. प्रत्यक्षात तिथं मोडतो तो गॅस किती? शरीरात शिरलेल्या सेवोफ्लुरेनपैकी साधारण २ ते ५ टक्के, आयसोफ्लुरेनचा ०.२ टक्का, डेसफ्लुरेनचा ०.०२. कोगनोळी नाक्यावरून शंभर गाड्या गेल्या आणि पोलिसांनी तीन-चारच बाजूला घेतल्या, तर नाका बंद असला म्हणून रस्ता तुंबत नाही. ती सेवोफ्लुरेनची. डेसफ्लुरेनची तर हजारातलीही एक धड थांबत नाही.

म्हणजे दाजींच्या पोटात लिव्हर नसेल तेवढ्या वेळात हा छोटा हिस्सा मोडायचा जवळपास थांबेल आणि तोही श्वासावाटेच निघेल. साठून राहणार नाही. शिवाय प्रत्येक उच्छ्वासात गॅस किती टक्के आहे हे आमच्या मॉनिटरवर सतत दिसतं. सलाईनमधून दिलेल्या औषधाबद्दल अशी सोय नाही, रक्तात किती उरलंय ते अंदाजानंच धरावं लागतं. मला विचाराल तर लिव्हरच्या रुग्णात गॅसची खरी गंमत इथं आहे.

मलप्रभेकाठ

डॉक्टर, खूप आभार. ताईला वाचून दाखवलं. तिनं लगेच दुसरा प्रश्न काढला: मग काकांच्या मामींना कावीळ झाली ती कशानं?

निवृत्त रसायन मास्तर

याचं उत्तर माझ्या विषयातलं आहे, म्हणून घुसतो. शहापूरच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होतो.

मामींच्या काळात गॅस म्हणजे हॅलोथेन. १९५१ साली ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत चार्ल्स सकलिंग यांनी तो बनवला, १९५६ मध्ये मँचेस्टरला रुग्णांवर वापर सुरू झाला. त्याआधी ईथर आणि क्लोरोफॉर्म. ईथर पेट घ्यायचं, क्लोरोफॉर्म तर यकृताला सरळ विष. हॅलोथेन पेटत नाही, वास गोड, स्वस्त. सगळीकडे पसरला आणि आपल्याकडे जिल्ह्याच्या दवाखान्यांतून तर फार वर्षं टिकला.

पण हा गॅस यकृतात मोडायचा २० टक्क्यांच्या आसपास. सेवोफ्लुरेनच्या कितीतरी पट. मोडताना ट्रायफ्लुरोअॅसिटिल क्लोराइड नावाचा अतिशय चळवळ्या पदार्थ तयार होतो आणि तो यकृताच्या स्वतःच्या प्रथिनांना जाऊन चिकटतो. काही जणांची प्रतिकारशक्ती त्या प्रथिनांना परकं समजते. पहिल्या भुलीत ओळख होते, पुढच्या वेळी हॅलोथेन दिला की हल्ला. आधी ताप, मग काही दिवसांनी कावीळ. दुसऱ्यांदा भूल घेतलेल्या, मध्यमवयीन, अंगानं स्थूल बायकांमध्ये जास्त, असं नोंदलेलं आहे. मामींचं दुसरं ऑपरेशन होतं का, विचारून बघा. प्राणघातक प्रकार मात्र दुर्मीळ होता. अमेरिकेत १९६० च्या दशकात साडेआठ लाखांवर भुलींचा अभ्यास झाला, त्यातून साधारण ३५ हजारांत एक असा आकडा पुढं आला.

आयसोफ्लुरेन, डेसफ्लुरेन मोडतानाही तोच चिकट तुकडा निघतो, पण मोडतंच इतकं कमी की असे रुग्ण बोटावर मोजण्याइतके. सेवोफ्लुरेनची रचना वेगळी. त्यातून तो तुकडा निघतच नाही, निघतं फ्लोराइड आणि हेक्झाफ्लुरोआयसोप्रोपेनॉल. हे दुसरं लगेच ग्लुकुरोनिक आम्लाला जोडून लघवीवाटे बाहेर.

येळ्ळूरचा गडी

मास्तर, आमच्या वेळी तुम्ही असता तर केमिस्ट्रीत पास झालो असतो.

हिंदवाडी संध्याकाळ

फ्लोराइड? म्हणजे किडनीला धोका नाही काय? दाजींसारख्यांची किडनी आधीच डळमळीत असते. सेवोफ्लुरेन सोडून डेसफ्लुरेनच द्या असं लिहून मागावं काय? महाग असला तरी एकदाच होणारं ऑपरेशन आहे.

टिळकवाडी ओटी

मास्तरांनी माझं अर्धं काम केलं.

हिंदवाडीकर, फ्लोराइडची भीती मेथॉक्सीफ्लुरेन नावाच्या जुन्या गॅसमुळं बसली. तो तब्बल ७० टक्क्यांच्या आसपास मोडायचा, बराचसा मूत्रपिंडातच, आणि त्यानं किडन्या खरंच बिघडल्या. सेवोफ्लुरेननं रक्तात फ्लोराइड वाढतं हे बरोबर, पण गॅस लवकर निघून जातो आणि मूत्रपिंडात फारसा मोडत नाही. जगभर इतकी वर्षं वापरूनही तसा बिघाड दिसलेला नाही.

लिहून मागू नका. डेसफ्लुरेन सर्वांत कमी मोडतो आणि रक्तात सर्वांत कमी विरघळतो, म्हणून माणूस चटकन जागा होतो. पण तो एकदम वाढवला तर नाडी उसळते. २३ अंशांच्या आसपासच उकळतो, त्यामुळं त्याला वेगळं, विजेवर तापवलेलं व्हेपोरायझर लागतं. हवामान तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट आहे, म्हणून युरोपीय संघानं २०२६ पासून त्याच्या वापरावर कडक निर्बंध आणलेत. आयसोफ्लुरेन जुना, स्वस्त, आणि लिव्हरच्या धमनीतला रक्तपुरवठा बऱ्यापैकी राखतो. तिन्हींवर यशस्वी ट्रान्सप्लांट होतात. ज्या टीमचा हात ज्या गॅसवर बसलाय तो त्यांना वापरू द्या. एकच गॅस नको, तो नायट्रस ऑक्साइड. तो आतड्यात जाऊन पोट फुगवतो, आणि रक्तात हवेचा बुडबुडा शिरला तर तो मोठा करतो. या ऑपरेशनात मोठ्या शिरा उघडतात, तिथं ही जोखीम कुणी घेत नाही.

आता जे कुणी विचारलं नाही ते लिहिते, कारण या ऑपरेशनातलं माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखं तेच आहे.

लिव्हर नसण्याचा काळ साधारण तासाभराचा, जिवंत दात्याच्या ट्रान्सप्लांटमध्ये कधी त्याहून लांबतो. या काळात तेवढीच झोप ठेवायला गॅस नेहमीपेक्षा कमी पुरतो, असं मेंदूच्या लहरी मोजून केलेल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. कारण एक नाही. अंग थंड पडतं, आणि तापमान एकेका अंशानं उतरेल तशी गॅसची गरज चार-पाच टक्क्यांनी घटते. फेंटानिलसारखी वेदनाशामकं मोडणारं लिव्हर नसल्यानं ती रक्तात रेंगाळतात आणि झोपेत भर घालतात. अमोनियासारखे जे पदार्थ एरवी लिव्हर साफ करतं ते वाढतात. रक्तदाब खाली असतो. म्हणून आम्ही डायल खाली आणतो. तसं केलं नाही तर गॅस रक्तवाहिन्या सैल करून दाब आणखी पाडतो.

स्नायू शिथिल करायला अॅट्राक्युरियम किंवा सिसअॅट्राक्युरियम आवडीनं वापरतात. ते रक्तातच, शरीराच्या उष्णतेनं आणि आम्ल-अल्कलीच्या प्रमाणानुसार आपोआप मोडतं, लिव्हर-किडनी कुणाची वाट बघत नाही. अंग फार गार झालं तर मात्र तेही मंदावतं. प्रोपोफॉल लिव्हरबाहेरही मोडतं हे तर ट्रान्सप्लांटच्या रुग्णांतच पक्कं कळलं. लिव्हर नसतानाही रक्तातून ते कमी होताना दिसलं.

आणि कॅल्शियम. बाटलीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात. एरवी लिव्हर ते पचवतं. लिव्हर नसताना एकामागून एक बाटल्या चढवल्या की सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम धरून बसतं, हृदयाचा जोर कमी होतो. म्हणून दर थोड्या वेळानं रक्त तपासायचं आणि कॅल्शियम द्यायचं. काका गॅसची काळजी करतायत, आम्ही त्या तासात खरी काळजी करतो ती याची.

मग नवं लिव्हर जोडतात आणि क्लॅम्प सोडतात. तोवर ते बर्फात, चार अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. त्यातलं थंड, आम्लयुक्त, पोटॅशियमनं भरलेलं रक्त थेट हृदयाकडे येतं. पहिल्या पाच मिनिटांत रक्तदाब ३० टक्क्यांहून जास्त पडून निदान मिनिटभर तसाच राहिला, तर त्याला रिपर्फ्युजन सिंड्रोम म्हणतात. क्लॅम्प सोडायच्या आधीच आम्ही गॅस उतरवून, कॅल्शियम आणि अॅड्रेनलिन हाताशी घेऊन उभ्या असतो. त्या मिनिटात थिएटरात कुणी विनोद करत नाही.

लिव्हर चाललं की रक्तातली आम्लता हळूहळू उतरते, सायट्रेट पचायला लागतं, गॅसची गरजही परत वाढते. तो डायल वर न्यावा लागतो तेव्हा बरं वाटतं.

चंदगड घाट

डॉक्टरबाई, एक विचारू? आमच्याकडं म्हणतात पिणाऱ्याला भूल चढत नाही. चोर्ला घाटातून गोव्याच्या बाटल्या कशा येतात ते काय सांगायला नको. दाजींचं कारण मी विचारत नाही, पण ज्यांचं ते कारण आहे त्यांना गॅस जास्त लागतो काय?

टिळकवाडी ओटी

जोवर लिव्हर धड आहे तोवर रोज पिणाऱ्याला झोप लावायला औषध जास्त लागू शकतं, हे खरं. सिरॉसिस पुढं गेला, रुग्ण दिवसा झोपाळलेला, बोलण्यात गोंधळलेला असला, की चित्र उलटतं. थोड्याशा औषधानं तो खोल जातो.

रसायन म्हणाल तर गॅस मोडणारं मुख्य एन्झाइम, सीवायपी-२ई१, दारूनं वाढतं. क्षयाच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडनंही वाढतं. पॅरासिटामॉलचं विषारी रूप तयार करण्यात याच एन्झाइमचा मोठा हात आहे, म्हणून पिणाऱ्यांनी ती गोळी सुपारीसारखी तोंडात टाकू नये. आजच्या गॅसेसच्या बाबतीत मात्र ते वाढलं तरी दोनाचे चार टक्के होतील, झोपेत फरक पडत नाही.

निपाणीची नणंद

सगळे पेशंटचंच बोलताय. मी देणारी आहे. भावाला लिव्हर दिलं, पुण्यात. देणाऱ्या बाईच्या भुलीबद्दल कुणी दोन शब्द लिहा. मला पाठीत कॅथेटर घालू म्हणाले आणि आदल्या दिवशी रद्द केलं, कारण कुणी धड सांगितलं नाही. शुद्धीवर आले ती दुखण्यातच. आता मी बरी आहे, शेतात जाते, तंबाखूच्या हंगामात दिवसभर उभी असते. पण ती पहिली रात्र विसरले नाही. मलप्रभेकाठ दादा, त्या बहिणीसाठी दुखणं थांबवायचं काय ठरलंय ते आधी विचारा.

टिळकवाडी ओटी

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं. दात्याचं लिव्हर निरोगी असतं, म्हणून गॅसची चिंता नाही. पण अर्ध्याहून जास्त लिव्हर काढल्यावर उरलेलं लिव्हर रक्त गोठवणारे घटक काही दिवस कमी बनवतं. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, पहिल्या दोन-तीन दिवसांत वर जाऊन मग उतरतो. नेमका त्याच वेळी पाठीतला कॅथेटर काढायचा असतो, आणि मणक्यात रक्त साचण्याची भीती असते. म्हणून काही केंद्रं तो घालतच नाहीत. त्याऐवजी पोटाच्या भिंतीतल्या नसा बधिर करणं, मणक्यात एकदाच मॉर्फिन देणं, स्वतः बटण दाबून वेदनाशामक घेता येईल असा पंप, असे पर्याय आहेत. पॅरासिटामॉल देतात, पण बेतानं. यातलं काय करणार हे दात्याला आधी समजलंच पाहिजे, आणि तिच्या भाषेत. संमतीपत्र कन्नड-इंग्लिशमध्ये असलं तरी मराठीतून समजावून सांगणारं माणूस मागायचा हक्क आहे. बंगळूरच्या मोठ्या दवाखान्यांत मराठी नर्स शोधली तर सापडते, निदान हुबळी-धारवाडकडची तरी.

मलप्रभेकाठ, आता मी तुम्हाला विचारते. काकांच्या मामी दाजींच्या रक्ताच्या नाहीत, आणि तो गॅस आता थिएटरात नाही, ते सोडून द्या. दाजींच्या स्वतःच्या घराण्यात, आई किंवा वडिलांकडून, कुणाला ऑपरेशनच्या वेळी अचानक प्रचंड ताप चढणं, जबडा किंवा अंग ताठणं, टेबलावरच मृत्यू, असं काही झालंय काय? मॅलिग्नंट हायपरथर्मिया नावाचा विकार आहे. दुर्मीळ आहे, पण आनुवंशिक आहे. त्यात दोष स्नायूंमध्ये असतो, लिव्हरचा संबंध नाही. सेवो, आयसो, डेस, हॅलोथेन, सगळेच गॅस तो भडकवतात. पॅकच्या, म्हणजे भुलीआधीच्या, तपासणीत हा प्रश्न विचारतात, पण 'हौदु' म्हणून निसटून जाऊ शकतो.

मलप्रभेकाठ

दाजींच्या आईंना फोन लावला. त्या आधी काही नाही म्हणाल्या. मग म्हणाल्या, मोठे दीर, म्हणजे दाजींचे सख्खे काका, तरुणपणी हर्नियाच्या ऑपरेशनला गेले ते टेबलावरच गेले. 'अंग भट्टीसारखं तापलं होतं' असं सासूबाई सांगायच्या म्हणे. कागद काहीच नाहीत, त्या वेळी कुणी ठेवले नाहीत. याला काही अर्थ आहे काय, की म्हातारीची आठवण?

टिळकवाडी ओटी

अर्थ असू शकतो, नसूही शकतो. त्या काळात टेबलावर माणूस जायला इतर कारणंही पुष्कळ होती. पण एवढी माहिती पुरेशी आहे. उद्या सकाळी बंगळूरला फोन करून अॅनेस्थेशियाच्या डॉक्टरांना हे शब्दशः सांगा आणि दाजी व त्यांची बहीण दोघांच्याही फाइलवर लिहून घ्यायला सांगा. बहिणीचं विसरू नका, काका तिचेही सख्खेच.

ते काय करतील तेही सांगते, म्हणजे घाबरायला नको. दोघांनाही गॅस अजिबात न वापरता प्रोपोफॉलच्या पंपावर भूल देता येते. सक्सामेथोनियम हे शिथिल करणारं औषध टाळतील, जबडा सैल करून ट्यूब घालायला रोक्युरोनियम आहे. मशिनवरची व्हेपोरायझर्स काढून, नवीन नळ्या आणि सोडा लाइम (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारी पूड) घालून, ते बराच वेळ नुसत्या ऑक्सिजननं धुवून घेतील, म्हणजे आधीच्या रुग्णाचा गॅस उरणार नाही. डँट्रोलीन नावाचं उतारा-औषध सगळीकडे ठेवलेलं नसतं, ते आधी मागवून ठेवावं लागतं, म्हणून फोन ऑपरेशनच्या आदल्या रात्री नको, आत्ताच. जनुकीय तपासणीही आहे, पण तारीख जवळ असेल तर तिच्यासाठी थांबणार नाहीत, तसाच विकार आहे असं धरून चालतील.

निपाणीची नणंद

दादा, फोन केल्यावर इथं लिहा.

मलप्रभेकाठ

केला. यावेळी त्या डॉक्टर थांबून ऐकत होत्या. काकांचं गाव, वय, कुठल्या साली, कुठल्या दवाखान्यात, सगळं विचारून घेतलं. दोघांचीही भूल गॅसशिवाय करणार म्हणाल्या. बहिणीच्या दुखण्याचा विषयही काढला, पंप देणार आहेत. मराठी बोलणारी एक सिस्टर वॉर्डात आहे, बैलहोंगलची, तिला सोमवारी भेटवणार आहेत.